जीनियस की हायपर?

आमच्या विरारच्या सेंटरमध्ये मुलांच्या फायली कपाटात मावतात, किस्से मावत नाहीत! गेली बारा वर्षं मी तिथे लहान मुलांची तपासणी करते. मूल नुसतंच चळवळं आहे, की डोकं फार पळतंय म्हणून एका जागी टिकत नाही, हे बघणं माझं काम. पण पालक निदान घरूनच घेऊन येतात. आपलं पोरगं सोफ्यावरून उडी मारतं ते जीनियस, शेजारणीचं मारतं ते हायपर!

*

एक गृहस्थ चार वर्षांच्या मुलाला घेऊन आले. "मॅडम, जगातल्या सगळ्या राजधान्या पाठ. विचारा, कुठलीही विचारा!"

मी विचारल्या. पोरगं धडाधड बोललं. वडील माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की जणू राजधान्या त्यांनीच वसवल्यात.

मग मी मुलाला विचारलं, "बाळा, यातला तुला कुठला देश आवडतो?"

पोरगं वडिलांकडे वळून म्हणालं, "पप्पा, याचं उत्तर काय शिकवलंयत?"

*

दुसऱ्या एका आईची तक्रार, "एक मिनिट बसत नाही हो हा!" हे सांगतानाच तिचा फोन वाजला, ती बाहेर गेली. आली, व्हॉट्सअ‍ॅप बघितलं, परत उठली, पडदा सरकवला, एसी कमी केला, टेबलावरचं माझं पेन उचलून त्याचं टोपण चावलं.

मुलगा चाळीस मिनिटं कोपऱ्यात ठोकळ्यांचा पूल बांधत होता. मान वर नाही.

शेवटी बाई म्हणाल्या, "मग रिपोर्ट कधी देताय?"

म्हटलं, "देते. पण कोणाचा?"

*

एका शाळेने दुसरीतली मुलगी पाठवली. सोबत चिठ्ठी: 'गणितं झाली की वर्गभर फिरते, प्रश्न विचारते. उपचार करावेत.'

मुलगी भलतीच हुशार निघाली. दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांत उरकायची. उरलेली आठ मिनिटं तिने काय भिंत बघावी? मी लिहून दिलं, 'उपचार नको. अवघड गणितं द्या.'

आठवड्याने मुख्याध्यापिकांचा फोन. "मॅडम, अवघड गणितं दिली. मुलगी आता शांत बसते."

"अरे वा!"

"पण ती गणितं तिच्या टीचरला सुटत नाहीत. त्यांना पाठवू का तुमच्याकडे?"

*

आमच्या रिसेप्शनला रोझीताई असतात, भुईगावच्या. चार मुलं वाढवलीत त्यांनी, त्यामुळे माझ्या डिग्रीचा त्यांना फारसा धाक नाही.

एकदा एका जोडप्याला मी सांगितलं, "तुमची मुलगी छान आहे. जीनियस नाही, हायपर नाही. अगदी नॉर्मल."

आईचे डोळे भरून आले. "मॅडम, नीट बघा ना. काहीच नाही निघत का?"

बाहेर बिल करताना रोझीताई तिला समजावत होत्या, "रडू नका हो. दुसऱ्या डॉक्टरकडे जा. काहीतरी काढतीलच!"

*

आणि हा आरव. तेव्हा सहा वर्षांचा. आता तिसरीत आहे, घरीच राहतो, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुमच्याने पुढचं ऐकवणार नाही.

वडील, आई आणि आगाशीचे आजोबा असे तिघं त्याला घेऊन आले होते. शाळेने त्याचा दाखला काढून न्यायला सांगितलं होतं. वडील त्याच्यादेखतच म्हणाले, "मॅडम, स्पष्ट बोलतो. हुशार निघाला तर चांगल्या शाळेत घालू. हायपर निघाला तर वसतिगृह. आम्ही दोघं नोकरीला. आम्हाला नाही झेपत."

आजोबा पुटपुटले, "मी हाय ना. माज्याकडं ठेवा." त्यांच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

तीन दिवस तपासणी चालली. आरव बसला म्हणून नाहीच. माझ्या खुर्चीचं चाक काढलं, पंख्याचं बटण खोललं, आणि टेबलाखाली लोळत लोळत चौथीच्या मुलांची कोडी सोडवली. मी चुकून एक उत्तर चुकीचं धरलं, तर खालून आवाज आला, "परत बघा!" बघितलं. त्याचंच बरोबर होतं.

चौथ्या दिवशी मी तिघांना बसवून सांगितलं, "तो विलक्षण हुशार आहे. आणि त्याला एका जागी बसणं खरंच जमत नाही, तो मुद्दाम करत नाही. दोन्ही खरं आहे."

वडिलांनी घसा खाकरला.

"म्हणजे आता पेढे वाटायचे, की बॅग भरायची?"

टेबलाखालून आरव म्हणाला, "बॅग मी भरलीय."

त्याने दप्तर बाहेर ओढलं. आई खाली बसली, चेन उघडली. आत दोन चड्ड्या, टूथब्रश, स्क्रूड्रायव्हर आणि एक जाड भिंगांचा चष्मा.

"अरे!" आजोबा ओरडले. "सकाळपासून सगळं घर उलथं केलं मी! माजा चष्मा कशाला घेतलास?"

आरवने त्यांच्याकडे असं बघितलं, की एवढं सोपं कसं कळत नाही.

"तुम्हाला त्याच्याशिवाय दिसत नाही ना? मग तो घ्यायला तुम्ही तिकडे याल."