ईश्वरीची गोळी आणि आबांचं भाषण

माझ्याकडे औषधांची सॅम्पल्स साठतात ना, त्याहून जास्त किस्से साठतात. सॅम्पल्सना निदान एक्स्पायरी तरी असते! मी मूळची इंदापूरची, दवाखाना बारामतीत, लहान मुलांच्या मनाच्या आजारांचा. त्यातलाच एक एडीएचडी. म्हणजे पोराचं चित्त कशावर ठरतच नाही, तो आजार. त्यावरच्या गोळीवरून आमच्या भागात निवडणुकीसारखे तट पडलेत. काहींना ती विष वाटते, काहींना मार्क वाढवायचं टॉनिक. मधे मी, दोन्हीकडून शिव्या खाते.

*

एक आई पोराला घेऊन आल्या. "मॅडम, ह्याला ती अभ्यासाची गोळी लिहून द्या. शेजारच्याला चालू आहे."

पोरगा कोपऱ्यात बसून ठोकळ्यांचा पूल रचत होता. आमचं सगळं बोलणं होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मी नीट तपासलं, शाळेत विचारलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

"अहो, ठणठणीत आहे तो! त्याला फक्त अभ्यासाचा कंटाळा येतो. गोळी मिळणार नाही."

बाई म्हणाल्या, "मग निदान मला तरी द्या. घरी त्याचा अभ्यास मीच करते!"

*

आता ईश्वरी. माळेगावजवळच्या वस्तीवरची, चौथीतली. हुशार, पण एक गोष्ट तडीला नेईल तर शपथ! रोज वर्गाबाहेर उभी. एकदा तर फुलपाखरामागे धावत ती थेट उसाच्या ट्रॅक्टरपुढं गेली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला म्हणून वाचली. त्यानंतर तिचे आजोबा, तात्या, तिला माझ्याकडे घेऊन आले.

मी विचारलं, "शाळेत काय आवडतं गं तुला?" उत्तर येईपर्यंत तिनं माझा ड्रॉवर उघडला, वजनकाट्यावर उड्या मारल्या, पंख्याला तीनच पाती का म्हणून विचारलं आणि चपला घालून बाहेर निघाली.

तात्या कौतुकानं म्हणाले, "हितं लईच गप बसलीया, डाक्टरीनबाई!"

*

सगळं तपासून मी गोळी सुरू करायचं ठरवलं. त्याच आठवड्यात गावच्या ग्रुपवर व्हिडिओ फिरला: 'ह्या गोळीनं पोरांचा पुतळा होतो.' ईश्वरीचे वडील, संदीप, घाबरले. तात्या मात्र पक्के शेतकरी. आमच्याकडे फवारणीचं नवं औषध आलं की आधी एका सरीवर मारून बघतात, मग सगळ्या उसावर.

पुढच्या भेटीत तात्या सांगायला लागले, "उसाला सऱ्या रग्गड हायत. नात एकच हाय. म्हून गोळी आधी मीच खाऊन बघितली."

माझं डोकंच फिरलं! "तात्या, तुम्हाला बीपी आहे! जिवावर बेतलं असतं म्हणजे?" आधी बीपी बघितलं, मग मनसोक्त झापलं, आणि गोळ्या सुनेच्या कुलपात ठेवायला लावल्या.

झापून झाल्यावर मात्र राहवेना. "बरं, झालं काय?"

"काय न्हाय. छाती जरा धडधडली. आन सुनेचं बोलणं पयल्यांदाच पुरतं ऐकलं."

मागून सूनबाई म्हणाल्या, "म्या म्हनलं, बीपी नसतं तर रोजच दिली असती!"

*

गोळी सुरू झाली आणि शाळेतल्या बाईंचा फोन आला. "मॅडम, ईश्वरी बसते जागेवर, पण हसतच नाही हो."

व्हिडिओ अगदीच खोटा नव्हता तर. डोस जास्त झाला की असं होतं, आणि ते बघायलाच डॉक्टर लागतो. मी तिला बोलावलं, डोस उतरवला. मग वाट बघत बसले.

बाईंचा परत फोन. "मॅडम, पुन्हा बडबड सुरू!"

माझं तोंड उतरलं. तोच बाई पुढे म्हणाल्या, "पण हात वर करून!"

त्या दिवशी मी अख्ख्या दवाखान्याला भेळ खाऊ घातली.

*

पण व्हिडिओ काही थांबेना. शेवटी शाळेच्या पटांगणात पालकांची सभा लागली. आबा बोलणार होते. आबा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, त्यांचा शब्द खाली पडत नाही. संदीपनं मला आधीच सांगून टाकलं, "मॅडम, आबा न्हाय म्हनले तर उद्यापास्नं गोळी बंद. गावात ऱ्हायचंय आमाला." माझ्या डोळ्यांपुढे तो ट्रॅक्टर आला.

आबा उठले. "ही गोळी म्हंजी पोरांच्या डोक्याचा इस्कोट! गोळी घेतली की पोरांच्या ध्यानात काय ऱ्हात न्हाय..." एवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोनवर कालव्याच्या पाण्याचं बोलणं झालं. तिथून आबा पाण्यावर घसरले, पाण्यावरून ठिबकवर, ठिबकवरून कारखान्याच्या ऊसतोडीवर, तोडीवरून थोरल्या जावयावर. लोक जांभया द्यायला लागले. पोरं केव्हाच पांगली होती. सतरंजीवर पुढे एकटी ईश्वरी मांडी घालून बसली होती.

जावई संपले आणि आबा थांबले. टोपी काढली, डोकं खाजवलं. शेजारच्याकडे बघितलं, त्यानं खाली बघितलं.

"तर... म्या काय म्हनत हुतो?"

पटांगणात कुणालाच आठवेना.

ईश्वरीनं हात वर केला. "आबा, तुमी म्हनत हुता, गोळी घेतली की पोरांच्या ध्यानात काय ऱ्हात न्हाय."