तोंडासमोर घेतलेली श्रवणचाचणी

हुडको वसाहतीच्या मैदानात कानांच्या तपासणीचं शिबिर होतं, म्हणून मंडपाच्या चारही कोपऱ्यांत पुरुषभर उंचीचे स्पीकर लावले होते. व्यासपीठावर प्लास्टरचा भलामोठा कान आणि त्याला झेंडूचा हार. उद्घाटकांनी त्याच्यापुढे दीप लावला आणि मग खऱ्या कानांवर तासभर भाषण केलं. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

मी बाबांना आणलं ते त्यांच्याच तक्रारीमुळे. "तुही माय आजकाल माह्याशी बोलतच नाही," असं ते सारखं म्हणायचे. आई बोलत होती, पण ओट्याशी उभी राहून, पाठमोरी, आणि तिचा आवाज बारीक. उत्तर मिळेना तसं तिनंही बोलणं कमी केलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि आता दोघंही एकमेकांवर रुसलेली. त्या दिवशी तीही सोबत आली होती.

डॉक्टरांनी बाबांना समोर बसवलं. "बाबूजी, खाना खाया?"

"हाँ."

"एकदम नॉर्मल!"

माझं डोकं फिरलं. बाबांचं आयुष्य पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये गेलं. तिथल्या गदारोळात बोलणं ऐकत नाहीत, पाहतात. मिलमधला माणूस समोरच्याचे ओठ वाचतो. डॉक्टरांनी तपासले ते बाबांचे डोळे.

कानाचा पडदा हलतो, त्यामागची हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन चिमुकली हाडं ते हलणं पुढे ढकलतात, इथवर त्या प्लास्टरच्या कानात रंगवलं होतं. नुकसान होतं ते त्यापुढे. गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते, तिच्यात द्रव आणि केसाळ पेशी. बारीक आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच असतात. यंत्रांचा आवाज आधी त्यांना मारतो, आणि मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. जाडे आवाज मात्र बराच काळ पोचत राहतात. म्हणजे उद्घाटक ऐकू यायचे आणि बायको नाही, असा हा न्याय!

"एकदा मागून बोलून बघा," मी म्हटलं.

"पीछे लाइन देखिए," डॉक्टर म्हणाले.

बाबा खुशीत माझ्याकडे वळले. "पाह्य, मी नॉर्मल हावो. आता तुह्या मायलेच समजव."

आई त्यांच्या खुर्चीमागेच उभी होती. "मी रोजच बोलून राहिली ना जी," ती म्हणाली. बाबांनी मान वळवली नाही. ती फिरून पुढे आली आणि त्यांच्या तोंडासमोर वाकून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुमाले ऐकू येत नाही."

बाबांनी ते वाचलं. चेहरा पडला, पण हार मानणारे ते नव्हतेच. ते उठले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"हं, बोल आता."

आई बोलली. भाषण संपलं होतं, स्पीकरही बंद होते. मला शब्दन् शब्द ऐकू आला.

बाबा वाट पाहत राहिले. "बोल ना वं," ते म्हणाले.


ती बोलतच होती.