बम्प आला की उतरायचं

आमच्या घरात पहिली मोटार घ्यायची ठरली तेव्हा माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. बडोद्यात तेव्हा दर दोन-चार महिन्यांनी रस्त्यावर एखादी नवीनच गाडी दिसायची. आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एके काळी स्कूटर नोंदवून आठ वर्षं वाट पाहिली होती. आता त्याच आबांना कोणी अनोळखी मुलगी फोन करून गोड आवाजात विचारायची, गाडीसाठी कर्ज हवंय का? आबा दर वेळी तिला तिचं शिक्षण विचारायचे.

तर ठरलं असं, की जुनी, लहान, पांढरी गाडी घ्यायची. नवऱ्याने हे तीन शब्द इतक्या वेळा म्हटले होते की मला ते एकाच शब्दासारखे ऐकू यायचे. छाणीला एका गॅरेजमध्ये तशी गाडी विकायला आहे असं कळलं म्हणून एका शनिवारी आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो. ती आदल्याच दिवशी विकली गेली होती. गॅरेजवाले काका हळहळले, चहा मागवतो म्हणाले. चहा येईपर्यंत काय करायचं म्हणून मी कोपऱ्यातल्या एका गाडीवरचं झाकण जरा वर करून पाहिलं.

पिवळी होती. हळदीच्या समारंभातून आंघोळ न करता उठून आल्यासारखी पिवळी. मूळची ती एक साधी, गंभीर गाडी असणार, ऑफिसरांनी मागे बसून पेपर वाचायची. पण कोणीतरी तिला जमिनीपासून चार बोटांवर आणून ठेवलं होतं. मागे इतका मोठा पंख होता की त्यावर पापड वाळत घालता आले असते. मागची सीट काढून तिथे लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला होता. काकांनी बॉनेट उघडलं आणि आत गरगर फिरून इंजिनात हवा कोंबणारा टर्बो दाखवला.

मी मकरपुऱ्याच्या एका पंपांच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. कॉलेजातून बाहेर पडल्यापासून शाफ्ट, बेअरिंगं, इंपेलर, सगळं फिरणारं कागदावर काढत होते आणि एकही कधी फिरताना धड पाहिलं नव्हतं. त्या बॉनेटखाली मी इतका वेळ वाकून राहिले, की माझा चहा नवऱ्याने पिऊन टाकला.

"ही गाडी नाहीये," तो म्हणाला.

"मग काय आहे?"

"हे प्रकरण आहे."

तेवढ्यात मालक आला. पादऱ्याच्या एका भाजीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, वय असेल पंचवीस-सव्वीस. पण चालत आला तो एखाद्या रिटायर्ड मामलेदारासारखा, दोन्ही हात कमरेवर ठेवून. तो गुजरातीत बोलायचा, आम्ही मराठीत, आणि अवघड मुद्दा आला की सगळे हिंदीत भेटायचो. इंजिन कुठून आणलं, सायलेन्सर कोणाकडून बनवून घेतला, हे तो सांगत होता तेव्हा त्याचे डोळे भरून येत होते.

"ॲव्हरेज किती देते?" नवऱ्याने विचारलं.

त्याने बॉनेटवर हळूच हात ठेवला, लहान मुलादेखत असलं काही बोलू नये तसा. "भाई," तो म्हणाला, "ए वात रहेवा दो."

घरी परतताना मी स्कूटरवर मागे बसून एकच वाक्य तीनदा म्हटलं, की मला ती हवी आहे. नवऱ्याने स्कूटर आणखी जोरात हाणली. पण घरी पोचल्यावर त्याने अट घातली. त्याचं ऑफिस अलकापुरीत. छाणीपासून त्याच्या ऑफिसच्या दारापर्यंत मी ती गाडी सुखरूप नेऊन परत आणली, तर विचार करू. आणि आबांनी पारख करायची.

आबांची पारख ही एक वेगळीच गोष्ट होती. त्यांचे आजोबा संस्थानच्या रिसाल्यात घोडेस्वार होते. आबा स्वतः पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, आणि घोड्यावर बसले ते जन्मात एकदाच, माथेरानला, फोटोपुरते. पण जनावराची पारख रक्तात उतरते असं ते मानायचे. आमचा फ्रिजसुद्धा त्यांनी त्याच पद्धतीने, मागून पुढून थोपटून, घेतला होता.

रविवारी दुपारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात कागद-पेन्सिल ठेवून छाणीला आले. गाडीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. टायरच्या खाचेत बोट घातलं. मग कागदावर लिहायला लागले. मी डोकावून पाहिलं. 'छाती रुंद. पाय आखूड. नजर तापट.'

"सूनबाई, चालवून दाखव," ते म्हणाले.

गाडीत दोनच सीटा. एकीवर मी, दुसरीवर आबा. सीट म्हणजे खोल वाटी, आणि तिला चार पट्टे, दोन खांद्यांवरून आणि दोन कमरेवरून, सगळे मधे एका बिल्ल्यात अडकवायचे. आबा त्यात बसले, म्हणजे गडप झाले. बाहेरून फक्त त्यांची टोपी दिसत होती. मागून स्कूटरवर नवरा, आणि त्याच्यामागे गाडीचा मालक. तुम्ही नेऊन परत आणा, मी मागून येतो, असं तो फारच उत्साहाने म्हणाला होता.

मी किल्ली फिरवली. गॅरेजमधली कबुतरं उडाली ती दिसेनाशी झाली.

पहिल्या पाच मिनिटांबद्दल मी कोणालाच कधी नीट सांगू शकले नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही ब्रेक होता आणि तो त्यांनी कधी सोडला नव्हता, त्यामुळे मोकळी गाडी कशी पळते ते मला ठाऊकच नव्हतं. जकात नाक्याच्या सरळ रस्त्यावर मी पाय जरा दाबला. आधी काहीच झालं नाही. मग टर्बोने शीळ घातली, आणि पाठीमागून कोणीतरी दोन्ही हातांनी ढकलून दिल्यासारखी गाडी सुटली. मी हसायला लागले. मोठमोठ्याने, एकटीच. आबा वाटीतून ओरडले, "चौखूर!"

मग बम्प आला.

गतिरोधकाला बडोद्यात आम्ही बम्पच म्हणतो. मागून मालकाचा आवाज आला, "बेन, ऊभा रहो! काकाने उतारो!" गाडी इतकी खाली होती की दोन माणसं बसून बम्पावरून गेली असती तर पोट घासलं असतं. एकाने उतरायचं, गाडी तिरकी घालायची, मग परत बसायचं. आता आबांना पट्टे सोडवता येईनात. नवरा स्कूटर लावून धावत आला, बिल्ल्याशी झगडला, आबांना दोन्ही हात धरून उपसलं. मी बम्प ओलांडला. आबांना परत वाटीत ठेवलं, बांधलं.

छाणी ते स्टेशन या रस्त्यावर किती बम्प आहेत हे त्या दिवसापर्यंत मला माहीत नव्हतं. निझामपुऱ्यात लोक दुकानांतून बाहेर येऊन बघायला लागले. दर पाच मिनिटांनी एका पिवळ्या गाडीतून एक म्हातारे गृहस्थ काढले जात होते आणि पुन्हा भरले जात होते. फतेहगंजला एका बाईने माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "काकांना कुठल्या दवाखान्यात नेताय?"

एका बम्पाशी मी थांबले असताना मालक स्कूटरची सीट कौतुकाने थोपटत म्हणाला, "भाई, तमारी सीट बहु सारी छे. हाश!" त्याने इतक्या समाधानाने सुस्कारा टाकला की नवऱ्याने मागे वळून पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षं ती गाडी चालवून त्याच्या मणक्यात गॅप आली होती. डॉक्टरांनी गाडी किंवा पाठ, दोहोंपैकी एक ठेव म्हणून सांगितलं होतं. शर्टाखाली त्याने कमरेचा पट्टा बांधला होता.

स्टेशनजवळचं गरनाळं, म्हणजे रेल्वेखालून जाणारा तो बुटका बोगदा, पार केलं की अलकापुरी. गरनाळ्यात शिरताना मी ॲक्सिलरेटरवरून एकदम पाय उचलला. ही गाडी असा एकदम पाय उचलला की मागून फटाका फोडते, हे मालकाने सांगितलं नव्हतं. उघड्यावर तो आवाज मी मुकाट सोसला असता. बोगद्यात तो तोफेसारखा झाला. एकदा नाही, तीनदा.

पलीकडे एक वरात उभी होती. नवरदेवाने एक पाय रिकिबीत घातला होता, हातात नारळ. घोडीने पहिल्या आवाजाला कान टवकारले, दुसऱ्याला झुलीसकट वळली, आणि तिसऱ्याला निघून गेली. नवरदेव एका पायावर उभा. बँड बंद पडला.

"घोडी!" आबा वाटीतून गरजले. "मला सोडवा! अरे, मला सोडवा!"

नवऱ्याने सोडवलं. पंचाहत्तरीचे आबा, टोपी सावरत, घोडी गेली त्या दिशेने गेले. मागे घोडीवाला, त्याच्यामागे चार पाहुणे.

इकडे नवरदेवाचा मामा माझ्या खिडकीशी आला. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. त्याने गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि शांतपणे म्हणाला, "बेन, घोडी तमे भगाडी. हवे वरराजाने तमे लई चालो."

आता नवरदेवाला मीच न्यायचं होतं. मी काही बोलायच्या आत नवरदेव दार उघडून आत आला होता. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून नाही म्हणणं शक्य नव्हतं. फेटा छताला अडकला, म्हणून त्याने डोकं खिडकीबाहेर काढलं आणि तसाच बसून राहिला. मागे बँड पुन्हा सुरू झाला.

वरातीच्या चालीने चालणं हे त्या गाडीला माहीतच नव्हतं. तिचा क्लच जात्याच्या खुंट्यासारखा घट्ट. दाबून धरावा तर पाय थरथरे, सोडावा तर समोर नाचणारी करवली गाडीखाली जायची. मालक गाडीबरोबर चालत खिडकीतून "धीमे बेन, धीमे," म्हणत होता, आणि पलीकडच्या खिडकीतून नवरदेव म्हणत होता, "एक फटाका! एक ज!" मामाही त्याच्याच बाजूचा. तापमानाचा काटा चढत चढत लाल रेघेपर्यंत गेला, आणि हॉल समोर दिसत असताना गाडीने वाफ सोडली आणि ती गप्प झाली.

नवरदेवाच्या मित्रांनी ढकलायला सुरुवात केली. माझा नवरा, इस्त्रीची पँट घातलेला, तीन शब्दांची गाडी मागणारा माझा नवरा, त्या पंखाला हात लावून सगळ्यांत पुढे ढकलत होता.

आणि तेवढ्यात समोरून आबा आले. हातात लगाम, मागे घोडी, अगदी शेळीसारखी. एका आइस्क्रीमच्या दुकानाच्या आवारात ती कुंपणाची मेंदी खात होती. आबा म्हणे तिच्याकडे पाठ करून नुसते उभे राहिले, त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं तसे. तिने मागून येऊन त्यांच्या खिशातला कागद खाल्ला आणि मग त्यांच्याबरोबर निघाली. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. नवरदेव शेवटची पन्नास पावलं तिच्यावर बसून गेला, फोटोसाठी.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नव्हतेच. टेबलावर पुरी, उंधियु, बासुंदी. आबा दुसरी वाटी बासुंदी संपवून म्हणाले, "सूनबाई, पाणीदार आहे. पण ज्याच्या पाठीवरून उतरायला दुसरा माणूस लागतो, ते जनावर घरात बांधू नये."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "घेऊ या."

"काय?"

"घेऊ या म्हणतोय. मी मागून येत होतो ना, तू आरशात दिसत होतीस. इतकी हसताना मी तुला पाहिलं नाही कधी."

मला भरून आलं, आणि त्याच वेळी टेबलाखाली माझा डावा पाय आपला आपण उडत होता. रोज सकाळी साडेसातला, मकरपुऱ्याच्या त्या गर्दीत, हा क्लच. पावसात पाणी भरलेलं हे गरनाळं. आणि बम्प आला की उतरायला रोज आबा कुठून आणू? मी खरंच सगळ्या बाजूंनी विचार केला. एकदा होकार ओठांवर आलासुद्धा.

"आवडली," मी मालकाला म्हटलं. "फार आवडली. पण नको."

तो रडेल असं मला वाटलं होतं. तो उठून बासुंदी घेऊन आला. चौथं गिऱ्हाईक होतात तुम्ही, म्हणाला, आणि चारही वेळा मला आदल्या रात्री झोप लागली नाही, कोणी हो म्हणेल या भीतीने.

पांढरी गाडी आम्ही महिन्याभरात घेतली. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, इतकी ती चांगली होती.

पण पुढच्याच रविवारी पादऱ्याहून फोन आला. "बेन, एक विनंती. पाठीमुळे मी चालवू शकत नाही, आणि ही आठवड्यातून एकदा पळाली नाही तर आजारी पडते. तुम्ही येता का?"

मी दीड वर्ष जवळजवळ दर रविवारी सकाळी छाणीला जात होते. हायवेला, जिथे बम्प नाहीत तिथे, अर्धा तास. तो गॅरेजच्या बाकावर उशी घेऊन बसायचा आणि दूरवरून नुसत्या आवाजावरून सांगायचा की तिसरा गिअर मी उशिरा टाकला. शेवटी आणंदच्या एकाने ती विकत घेतली. तिला आणंदला पोचवायच्या आधी मालक तिला घेऊन, कमरेला पट्टा बांधून, थेट माझ्या कारखान्याच्या फाटकाशी आला. जेवणाची सुट्टी होती. मी डबा तसाच टाकून बाहेर गेले, त्याला शेजारच्या वाटीत बसवलं आणि बांधलं. आम्ही हायवेपर्यंत जाऊन आलो. परत यायला मला वीस मिनिटं उशीर झाला, आणि साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी पाहुणे आले होते म्हणून सांगितलं.