सँग्विन आणि ताईचे रविवार

माझी ताई शिवणकाम करते. पँट आखूड कर, जॅकेटची चेन बदल, असली कामं. इंग्रजीचा तिला गंध नाही. पण विचाराल तर 'सँग्विन' या शब्दाचे चार अर्थ घडाघडा म्हणून दाखवेल.

झालं असं, कापडाच्या नमुन्यांमध्ये एका लाल तुकड्याखाली हा शब्द छापलेला होता, मी तो तिला वाचून दाखवला. रविवारी मुलाचा फोन आला, तेव्हा हिने सहज त्याला विचारलं. एकुलता एक पोरगा, परदेशात असतो. एरवी त्याचं बोलणं ठरलेलं: जेवलीस का, गुडघा कसा आहे, ठेवतो. त्या दिवशी म्हणाला, सँग्विन म्हणजे आशावादी. ही म्हणाली, अरे, कापड कसलं आशावादी? तो खो खो हसला, आणि दोघं चांगली अर्धा तास बोलत बसली. नंतर बाईसाहेब दिवसभर गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी मला डिक्शनरी काढायला लावली. मी वाचून दाखवलं: आशावादी, रक्तासारखा लाल, लालबुंद चेहऱ्याचा, आणि जुन्या वैद्यांच्या मते अंगात रक्त जास्त म्हणून स्वभावाने आनंदी.

"म्हणजे अजून तीन रविवार," ताई म्हणाली.

तेव्हापासून ती दर रविवारी वेड पांघरून बसायची. एकेक अर्थ पुरवून पुरवून वापरायची. एक शब्द संपला की मी दुसरा शोधायचा. मला वैताग यायचा, पण करते काय? एखाद्या रविवारी फोन आला नाही, तर ही मशीनपाशी नुसती बसून राहायची. पोराच्या आवाजासाठी तिचा जीव तीळ तीळ तुटायचा.

गेल्या रविवारी फोनवर पोराची स्वारी फार खुशीत होती. त्याने आईच्या मोबाइलवर एक अ‍ॅप पाठवलं. कुठलाही शब्द बोल, सगळे अर्थ मराठीत सांगतं म्हणे. "आता माझ्या फोनची वाट बघायला नको, आई," असं म्हणून त्याने फोन ठेवलासुद्धा.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आण इकडे, चांगली कानउघाडणी करते गाढवाची. ताईने मोबाइल छातीशी धरला. किती हौसेने केलंय गं त्याने, म्हणाली. मग डोळे पुसले आणि डिक्शनरी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"त्या अ‍ॅपला येणार नाही असा एखादा शब्द बघ ना."