केसपेपरवरचा चौथा रकाना

हाडांच्या दवाखान्यातले किस्से पाण्यात भिजवलेल्या प्लास्टरसारखे असतात. वेळेत बाहेर काढले नाहीत, तर आतच घट्ट होतात. नववीत शाळा सोडली आणि भिवंडीत नारपोलीच्या दवाखान्यात लागलो. केसपेपर लिहायचा, प्लास्टर भिजवायचं, ही माझी ड्युटी.

बायकांच्या केसपेपरवर चौथा रकाना होता : पाळी कधी थांबली? पहिल्याच दिवशी मनगट मोडलेल्या एका चाचींना मी खाली बघत विचारलं. नेमकं तेव्हाच लोडशेडिंग झालं, बाहेरचे कापडाचे लूम गप्प झाले आणि माझा प्रश्न अख्ख्या बाकाने ऐकला!

चाची हसतच सुटल्या. "बेटा, इतना तो मेरे मियाँ ने भी कभी नहीं पूछा!"

त्यानंतर मी विचारणंच बंद केलं. सगळ्यांना सरसकट 'पन्नास' लिहायचो.

*

महिन्याभराने डॉक्टरांनी केसपेपर समोर आपटले. "काय रे, भिवंडीत सगळ्यांची पाळी पन्नाशीलाच थांबते? सरकारने जीआर काढलाय का?"

मग शांतपणे म्हणाले, "पाळी थांबली की एक हार्मोन कमी होतं. तेच हाडं राखतं. जितकी लवकर थांबेल, तितकी हाडं लवकर पोकळ. मोडतात, मणके दबून उंचीही घटते. म्हणून विचारायचं."

*

मग विचारू लागलो. कोन गावच्या एका काकूंची नुसत्या शिंकेने बरगडी मोडली होती.

"चाळिशीतच गेली रे," त्या म्हणाल्या. "कटकट गेली म्हणून शेजारी पेढे वाटले होते मी!"

डॉक्टर हसले नाहीत.

*

आमच्या गावी, दिघाशीला, घरी आईचं वेगळंच. "डब्यांची फळी खाली घे, हात पुरत न्हाय." घेतली. वर्षाने पुन्हा तेच!

"आई, भिंत वाढते का आपली?" मी चेष्टा केली. तीही हसली. मी पुन्हा खिळे ठोकले.

*

गेल्या महिन्यात आई उंबऱ्याला अडखळली आणि मनगट गेलं. दवाखान्यात तिचाही केसपेपर मीच लिहायला घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं. चौथ्या रकान्यापाशी पेन थांबलं. पन्नास लिहावं, तर तिचं वयच अठ्ठेचाळीस!

शेवटी टेबलाकडे बघत विचारलं.

"तू बालवाडीत व्हतास," आई म्हणाली. "आपरेशन करून पिशवीसंगं समदंच काढलं, तवाच गेली."

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कवा इचारलंस?"

मी पट्टी भिजवली. तिचा हात धरून गुंडाळू लागलो. आई त्या हाताकडे बघत राहिली.

"घरी गेल्याव ती फळी आजून वीतभर खाली घे," ती म्हणाली. "एका हातानं पुरली पायजे."