पाईकराव सर आणि उधळलेला माऊस

वारंगा फाट्यावरच्या संगणक वर्गात पाईकराव सरांच्या टेबलावर माऊस नसे. पोलिओने उजवा हात लुळा झालेला. डाव्या हाताने कीबोर्डवरच ते सगळं करत, आणि बटण दाबण्याआधी पडद्यावरची ओळ ओठ हलवत वाचत. आम्ही पोरींनी घाई केली की म्हणत, "आधी वाच, मंग दाब. काय तकलीफ हाय ते यंत्रच सांगतं."

त्यांच्या शिकवणीवर मला सिद्धेश्वरजवळच्या एका ग्रामपंचायतीत काम लागलं. पहिल्याच आठवड्यात तिथला जुना संगणक सुरू होईना. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी त्यातच होत्या, दुसरी प्रत नव्हती. तरी मी नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बसले. डिस्कचा कोणता भाग पुसायचा, असं विचारणारा पडदा आला आणि माऊसचा बाण उधळला. हात न लावता क्लिक होऊ लागलं. बघता बघता नोंदींच्या भागावरच खूण झाली. मी घाबरून सरांना फोन लावला.

"सर, माऊस आपोआप क्लिक करून राहिला!"

"आधी त्याची वायर उपस. उपसली?"

"व्हय."

"आता समोर काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं, "'निवडलेला भाग पुसायचा का?' खाली 'नेक्स्ट' आणि 'बॅक'."

"म्हंजे अजून काईच पुसलं न्हाई. टॅब दाबत 'बॅक'वर जा. दर येळी कुठं आलीस ते सांग."

एकेक बटण विचारत काम पार पडलं. नोंदी शाबूत राहिल्या.

तरी दुपारी सर बसने आलेच. वायर पुन्हा जोडून त्यांनी सिस्टीमच्या यादीतून माऊसचा बरोबर प्रकार निवडताच बाण सरळ चालू लागला. "माऊस चांगलाच हाय. सिस्टीमनं त्याला भलत्याच प्रकारचा समजलं."

परतीच्या बसथांब्यावर मी विचारलं, "काम तर झालं होतं. मग काहून आलात, सर?"

ते म्हणाले, "एका शाळेत माझ्या हातून असंच झालं. माऊस उधळला, मी न वाचता एंटर दाबलं. लेकरांचं वर्षाचं काम गेलं. मी म्हणलो, यंत्र खराब होतं. आजवर कुणाला सांगितलं न्हाई. माझ्या मागं तू पोरींना सांगत जा."

सर वारले त्याला दोन वर्षं झाली, म्हणून आज लिहिते आहे.

माऊस उधळला त्या सकाळी गावच्या सरपंचबाईंना मीही तेच सांगितलं होतं, की यंत्र खराब आहे. सरांची बस निघाली तशी मी पंचायतीत त्यांच्याकडे परत गेले. म्हटलं, "बाई, नोंदींची प्रत न काढताच मी सिस्टीम टाकायला बसले. चूक माझी होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मंग आता काढ," म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या.