आंग आंबलंय

"या रेघंवर चाल. सरळ चाललीस तर चारा, न्हाईतर घरी."

चेअरमन खुर्चीतूनच बोलला. दुष्काळ व्हता. केजच्या रस्त्याला जनावरांची छावणी पडली व्हती, सोसायटीचा हा चेअरमन ती चालवायचा. माझ्या दोन म्हशी तिथं दावणीला.

पहाटपासून मी चाऱ्याच्या रांगेत. पोटात आदल्या दिवसाची अर्धी भाकर. उसाच्या वाढ्याचा भारा डोक्यावर घेतला आन डोळ्यापुढं अंधारी आली. पडले. भारा गेला चेअरमनच्या पांढऱ्या कपड्यावर.

"सकाळीच टाकून आली का गं?"

"न्हाई मालक. आंग आंबलंय."

आमच्यात लई थकलं की असंच म्हणतात.

"आंबलंय? कशाचं, गुळाचं का मव्हाचं?"

सगळे हसले. कुणी म्हनलं टाईट, कुणी टल्ली. माझ्याच गावचा माणूस म्हनला, टुन्न. चारा वाटणाऱ्या मुकादमानं वाकून माझं तोंड हुंगलं. वास आला न्हाई. तरी म्हनला, "हाय थोडा."

मग त्यानंच चुन्याच्या फक्कीनं रेघ मारली.

आन मी चालले. म्हशी उपाशी व्हत्या, म्हणून चालले. चौथ्या पावलाला गुडघा दुमडला, पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी चारा मिळाला न्हाई.

तवापासून मी टुन्नी. रांगेत टुन्नी, हौदावर टुन्नी. एकदा पोरीनं इचारलं, "आई, तू खरंच पेतीस का?"



पंधरा दिवस गेले असतील. भर दुपारी चेअरमन जीपमधनं उतरला. पाय टाकला एकीकडं, गेला दुसरीकडं. दारूचा वास पार दावणीपर्यंत. दोघांनी काखेत धरलं. मुकादम आमच्यावर वरडला, "सरका बाजूला! साहेब थकलेत. दुष्काळात लई पळतेत."

बाया माना खाली घालून सरकल्या. मीबी सरकले. दोन पावलं. मग पायच हालंना. मी थकले तर टुन्न. ह्यो टुन्न तर थकला.

"थकले न्हाईत," मी म्हनले. "टाईट हायेत."

कुणी हसलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी माझं नाव छावणीतनं काढलं. मुकादम म्हनला, "पाया पड साहेबांच्या. ठिवतील."

पोरगी रडत व्हती. एक म्हैस उठंना. शेपटी पिळून उठवली. गावात कडबा न्हाई, पाणी न्हाई. म्हशी जगतील का, ठाऊक नव्हतं.

पाया पडायचं न्हाई, तेवढं ठाऊक व्हतं.